उसाच्या काणीच्या चाचणीत सगळेच वाण पास होतायत? आधी हे तपासा

वहीत रकानेच्या रकाने शून्य. उसाचे नवीन आठ वाण लावलेत, आठांतल्या एकातही काणीचा चाबूक (या बुरशीच्या रोगात शेंड्यातून निघणारा काळा, लांब दांडा) नाही. कडेच्या सरीत मुद्दाम लावलेला को ७४० सुद्धा हिरवागार, गुडघ्याच्या वर गेलेला. साहेब बांधावरूनच म्हणतात, "सगळेच वाण प्रतिकारक निघाले की!" आणि आपणही मान हलवतो.

मीही एकदा हलवली होती. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात मी काणीचा प्लॉट सांभाळतो, आणि ही एकच चूक वेगवेगळ्या कारणांनी इतक्यांदा निस्तरली आहे की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी घोडं कुठं अडलं याचा अंदाज येतो. को ७४० एके काळी महाराष्ट्रभर होता आणि काणीला तो किती बळी पडतो हे त्या काळातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. काणीच्या बीजाणूंच्या (बुरशीच्या बियांसारख्या कणांच्या) पाण्यात बुडवून लावलेला को ७४० जर निरोगी राहिला, तर बाकीच्या आठ वाणांबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नाही. रोग पोचलाच नाही, मग प्रतिकार कुणी कशाला केला?

लक्षणं कोणती

पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारं वर सांगितलंच: बळी पडणाऱ्या तुल्य वाणातच रोग नाही किंवा अगदी नावाला आहे. आमच्याकडे या तुल्य वाणाला 'साक्षीदार' म्हणतात. साक्षीदारच फितूर झाला तर खटला उभा राहत नाही.

दुसरं, एकाच वाणाच्या दोन ओळींत जमीन-अस्मानाचा फरक. एका ओळीत दहातली चार बेटं (उसाचे झुबके) रोगट, पलीकडच्या ओळीत एकही नाही. तिसरं, लागणीत सगळं स्वच्छ आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) काणी उसळली. आणि चौथं, याच्या उलटं: सगळ्यालाच काणी, प्रतिकारक म्हणून संशोधन संस्थेकडून आणलेल्या वाणालाही.

वाणांची प्रतवारी रोगट बेटांच्या टक्केवारीवर होते. एकही बेट रोगट नाही तर प्रतिकारक, १० टक्क्यांपर्यंत मध्यम प्रतिकारक, १० ते २० मध्यम बळी पडणारा, २० ते ३० बळी पडणारा, ३० च्या वर अतिशय बळी पडणारा. साक्षीदार या पट्टीच्या शेवटच्या घरात गेला पाहिजे. तो ३० च्या खाली राहिला की खालच्या तपासण्या सुरू करा, आणि याच क्रमाने करा. पहिल्या तिघींना एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या हिशेबात निम्म्याहून जास्त प्लॉट त्या तिघींतच सापडतात.

दिवस मोजा

हसू येईल, पण लागणीची तारीख काढा. चाबूक साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यात जोर धरतात. जानेवारीत सुरू ऊस लावला आणि मार्चअखेरीला "काहीच नाही" म्हणून फोन केला, तर मी फक्त वाट बघा म्हणणार. महिन्यातून एकदा मोजणी, लागणीपासून तोडणीपर्यंत, आणि त्यानंतर खोडव्यातही. खोडवा सोडून देणारे पुष्कळ आहेत, कारण तोवर अहवाल द्यायची घाई झालेली असते. पण काणीची बुरशी बेटात आत राहते, जमिनीलगतच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते, आणि लागणीत लपलेला रोग खोडव्यात उघडा पडतो. वर सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. त्यात चाचणीचा दोष नसतो, मोजणी लवकर थांबवलेली असते.

जानेवारीत एक अडचण आणखी. परभणीकडे थंडीच्या दिवसांत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. बीजाणू रुजायला २५ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. बीजाणूंच्या पाण्यात बुडवलेली टिपरी (लावायचे उसाचे तुकडे) तशीच थंड सरीत टाकली तर डोळाही झोपतो आणि बुरशीही. त्यावर उपाय पुढे येतो.

चाबूक कुणी उपटले?

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण हिच्यात मी स्वतः सापडलो आहे. आपण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं काय शिकवतो? काणी दिसली की चाबकावर पिशवी घालून हळूच कापा, बेट मुळासकट उपटा, जाळा. मजुरांच्या अंगात ते इतकं भिनलंय की चाचणीचा प्लॉट असो नाहीतर बेणेमळा, खुरपणीला आलेल्या बायका काळा शेंडा दिसला की उपटणारच. त्या वर्षी माझ्या वहीत साक्षीदार ८ टक्के होता. बांधाच्या पलीकडे नाल्यात उतरलो तर वाळलेल्या चाबकांचा ढीग. टोळीच्या मुकादम मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, तुमचंच काम हलकं केलं."

म्हणून आता पहिला चाबूक दिसला की त्या बेटाला रंगीत चिंधी आणि नंबर. चाबूक नंतर कापला तरी चिंधी राहते. प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर पाटी, आणि पाटीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे टोळी आत जायच्या आधी पाच मिनिटं बोलणं. पाटी वाचतं कोण.

इथंच मोजायची पद्धतही बघून घ्या. बेटं मोजायची, चाबूक नाही. एका बेटातून सात चाबूक निघाले तरी ते एकच रोगट बेट. एका ठिकाणी चाबूक मोजून त्याला बेटांच्या संख्येने भागलं होतं आणि उत्तर ११० टक्के आलं होतं. ती चूक निदान लपत तरी नाही. लपते ती छेदातली. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या प्लॉटला पाणी कुठून मिळणार? बेटं वाळून मेली. शेवटच्या मोजणीत फक्त जिवंत बेटं धरली तर रोग कमी दिसला, कारण जी आधीच काणीने खंगलेली होती तीच आधी गेली होती. तेव्हापासून उगवण पूर्ण झाली की त्याच दिवशीची बेटांची संख्या वहीत लिहितो. छेद तोच, शेवटपर्यंत.

आणखी एक गोष्ट, नवख्यांसाठी. बारीक गवतासारखे फुटवे, अरुंद ताठ पानं एवढ्यावर काणी धरू नका. गवताळ वाढ हा वेगळा रोग आहे, तो बुरशीचा नाही, फायटोप्लाझ्माचा आहे, आणि त्यात चाबूक कधीच येत नाही. पोक्का बोंगमध्ये शेंडा पिळवटतो, पानं फाटतात. तो बुरशीचा असला तरी वेगळ्या बुरशीचा. आम्ही चांदीसारख्या पातळ पापुद्र्याखाली काळी भुकटी असलेला चाबूक हाताने बघितल्याशिवाय बेटाला चिंधी बांधत नाही.

किती बेटं होती?

दहा बेटांत शून्य चाबूक, म्हणून वाण प्रतिकारक? समजा वाणाचा खरा रोग १० टक्के आहे. दहा बेटांत एकही रोगट न सापडण्याची शक्यता तरीही सुमारे ३५ टक्के राहते. म्हणजे तीनदा चाचणी घेतली तर एकदा तुम्ही फसाल. तीस बेटं केलीत तर ती शक्यता ४ टक्क्यांवर येते. दोन ओळींत फरक का पडला याचं उत्तर कित्येकदा इथंच असतं. ओळीच आखूड असतात. एका वाणाची शंभरएक डोळ्यांची टिपरी लावायची जागा नसेल तर वाण कमी घ्या, बेटं कमी करू नका.

टाकी कोणती वापरली?

आता थोडं खोलात.

बेणे प्रक्रियेची शिफारस सगळ्यांना पाठ आहे: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, १० ते १५ मिनिटं टिपरी बुडवा. शेतकऱ्यासाठी ती उत्तमच. पण चाचणीसाठी हे म्हणजे विषाची परीक्षा घ्यायला बसायचं आणि आधी उतारा पिऊन घ्यायचा. बेणं कुठून आलं, त्याला काय लावलं होतं, हे आणणाऱ्याला थेट विचारा. "काही लावलं नाही" हे उत्तर लगेच मानू नका. "टिपरी तोडल्यावर कशात बुडवली?" असं विचारा. पुष्कळदा उत्तर येतं, "ते तर नेहमीचंच, औषधाचं पाणी."

आणि टाकी! आमच्याकडे सलग दोन वर्षं साक्षीदार १५ टक्क्यांच्या आसपास अडकला होता. बीजाणू ताजे, मोजणी चोख, मजुरांना समज दिलेली. शेवटी कळलं की बीजाणूंचं पाणी आम्ही ज्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत करत होतो, तीच टाकी बाकी वर्षभर बेणे प्रक्रियेला जायची. विसळून आणायचे, पण तळाशी पांढरट थर होताच. बुरशीनाशकाच्या टाकीत बुरशी घालून आम्ही रोगाची वाट बघत होतो. नवीन टाकी आणली, तिच्यावर लाल रंगाने 'काणी' लिहिलं आणि कुलपात ठेवली. त्या हंगामात साक्षीदार खडखडीत बोलला.

बेण्यावर उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया (५४ अंशांवर १५० मिनिटं) झालेली असेल तर मात्र बिघडत नाही, उलट बरं. उष्णतेने टिपरीच्या आतली जुनी काणी मरते, आणि नंतर जो रोग येतो तो तुम्ही दिलेलाच असतो. बुरशीनाशकासारखं ती मागे काही ठेवत नाही.

पाणी

पाच मिनिटांचं काम. ग्रामपंचायतीच्या नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर असते, कधी कधी वास येईल इतकी. थोडी भुकटी त्या पाण्यात आणि थोडी शुद्ध पाण्यात, दोन वेगळ्या काचपट्ट्यांवर ठेवून रुजवण बघा. फरक दिसला तर पाणी बदला. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर तुलनेला पुरतं.

भुकटी जिवंत आहे का?

इथून पुढे सूक्ष्मदर्शक लागतो. कृषी महाविद्यालयात, नाहीतर ज्या शाळेत विज्ञानाचे गुरुजी हौशी आहेत तिथं मिळतो.

काणीची भुकटी म्हणजे बीजाणू. स्पोरिसोरियम सायटामिनियम या बुरशीचे. ते काळे दिसतात म्हणून जिवंत असतील असं नाही. मेलेला बीजाणूही तितकाच काळा. ओल्या ब्लॉटिंग पेपरच्या बंद डिशमध्ये काचपट्टीवर पाण्याचे थेंब ठेवा, त्यात टाचणीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी. २८-३० अंशांना ठेवून संध्याकाळी लावलं तर सकाळी बघा. जिवंत बीजाणूतून एक आखूड नळी निघालेली दिसते. शंभर बीजाणू मोजा. ताज्या, नीट साठवलेल्या भुकटीत ९० च्या आसपास रुजतात. ८० च्या खाली आले तर आम्ही ती भुकटी टाकून देतो. कमी रुजवण म्हणून जास्त भुकटी घालायची, हा हिशेब मला पटत नाही. मेलेले बीजाणू नुसता गाळ करतात, आणि आज निम्मे मेले असतील तर उरलेल्यांचाही भरवसा कसला.

भुकटी मरते कशी? दोन सवयींनी. एक म्हणजे उन्हात वाळवणं. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्यावर पसरलेले चाबूक मी पाहिले आहेत, पापडासारखे. सावलीत, पंख्यापासून लांब, वर्तमानपत्रावर वाळवा. दुसरी सवय प्लास्टिकची पिशवी. हिरवा चाबूक कापून पिशवीत कोंबला, गाठ मारली, गाडीच्या डिकीत टाकला, की आत वाफ धरते. ओलाव्यात बीजाणू रुजतात आणि रुजले की टिकत नाहीत, वर इतर बुरश्या चढतात. पहाटे वारा सुटायच्या आधी, पापुद्रा नुकताच फाटू लागलेला चाबूक कागदी पिशवीत कापून घ्या. वाळला की चाळून कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणीत सिलिका जेल, आणि बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पुडीवर तारीख आणि गाव. घरच्या फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर आधी घरी सांगा. आमच्याकडे एकदा काळं मीठ समजून बरणी उघडली गेली होती.

चाबूक एकाच शेतातून, एकाच वाणावरून घेऊ नका. पाच-सहा ठिकाणचे आणि वेगवेगळ्या वाणांवरचे मिसळा. बुरशीतही प्रकार असतात, आणि एका प्रकाराला तोंड देणारा वाण दुसऱ्यापुढे मान टाकू शकतो. पण हे सगळे चाबूक आपल्याच भागातले हवेत. कोल्हापूरकडची भुकटी मांजरा काठी आणायची नाही. नको असलेला पाहुणा एकदा आला की जात नाही.

दाटपणा आणि बुडवणं

प्रमाण आहे एका मिलीलिटरला दहा लाख बीजाणू. अंदाजाने 'काळं होईपर्यंत' टाकू नका. रक्तपेशी मोजायची चौकटीची काच मिळवा. तिच्या मधल्या एक चौरस मिलिमीटरच्या चौकोनात, पंचवीस खान्यांत मिळून, साधारण १०० बीजाणू दिसले की दहा लाखांचा हिशेब जुळला. म्हणजे खान्यात सरासरी चार. वीस दिसले तर पाणी पातळ आहे, आणि साक्षीदार का गप्प आहे ते कळलं.

मोजणी बरोबर असूनही एका ओळीत रोग आणि दुसरीत नाही, असं झालं तर ढवळण्याकडे बघा. काणीची भुकटी पाण्यावर तरंगते, पाण्याला धरत नाही. ट्वीनचा किंवा फवारणीत वापरतो त्या स्टिकरचा एखादा थेंब घातल्याशिवाय ती मिसळत नाही. मिसळली तरी थोड्या वेळाने तळाला बसते. पहिली मोळी दाट पाण्यात, शेवटची जवळजवळ साध्या पाण्यात, असं होतं. बुडवायची अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात काठीने ढवळणारा एक माणूस उभा पाहिजे. तो चहाला गेला की चाचणी गेली.

बाहेर काढलेली टिपरी लगेच लावू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर उबदार खोलीत ठेवा, सकाळी लावा. वर म्हटलेल्या थंडीवर उपाय तो हाच: बीजाणूंना रुजायला आणि डोळ्याच्या खवल्यांत शिरायला एक उबदार रात्र मिळते. लावल्यावर पहिलं पाणी हलकं द्या, सरी तुडुंब भरू नका. काणीला कोरडं आणि उष्ण हवामान मानवतं, हे आपल्या भागात सांगायला नको.

इथं एक मोह होतो तो टाळा. रोग येत नाही म्हणून डोळ्याला सुईने टोचून बीजाणू आत सोडायचे. टोचलं की रोग येतो, हे खरं. पण उसाची काणीविरुद्धची पहिली भिंत म्हणजे डोळ्यावरची खवलं. काही वाण बुरशीला तिथंच अडवतात. काही आत शिरू देतात आणि आतल्या पेशींत रोखतात. सुईने तुम्ही पहिली भिंत स्वतःच पाडता आणि मग वाण कमकुवत आहे म्हणून लिहिता. शेतात असा वाण कदाचित पन्नास हंगाम उभा राहिला असता. टोचून घेतलेली चाचणी चुकीची नाही, तिचा प्रश्न वेगळा आहे. दोन्हींचे आकडे एका रकान्यात लिहू नका.

सगळ्यालाच काणी आली तर

हा उलटा बिघाड कमी वेळा होतो आणि बहुधा बेण्याचा असतो. म्हणून प्रत्येक वाणाची दहा टिपरी न बुडवता, वेगळ्या ओळीत लावायची सवय ठेवा. न बुडवलेल्यांतही चाबूक आले तर रोग बेण्यातूनच आला आहे, तुमच्या टाकीतून नाही. ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवलेलं बेणं घ्या आणि पुन्हा लावा. न बुडवलेली स्वच्छ आणि बुडवलेली सगळी काळी असतील तर दाटपणा मोजा, दहापट झाला असेल. दोन्ही नसेल तर वाणांची सरमिसळ. दोन वाणांची कांडी शेजारी ठेवून डोळ्याचा आकार, पानाच्या देठावरची कुसळं, कांडीवरचं मेण बघा; जुना चिटबॉय (कारखान्याचा शेतावर फिरणारा माणूस) ते पाच मिनिटांत सांगतो.

साक्षीदाराचंही हेच. 'को ७४०' म्हणून कुठल्यातरी बांधावरून आणलेला ऊस को ७४० असेलच असं नाही. शंका आली तर संस्थेच्या बेण्यापासून सुरुवात करा. को ९७००९ सुद्धा साक्षीदार म्हणून वापरतात.

आता थांबा

दोन हंगाम वरचं सगळं करून झालं, रुजवण ९० टक्के, दाटपणा बरोबर, टाकी स्वच्छ, आणि साक्षीदार तरीही ३० टक्क्यांच्या खाली? तिसऱ्यांदा स्वतः प्रयत्न करू नका. वही घेऊन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या किंवा पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राच्या रोगशास्त्रज्ञांकडे जा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग जवळ पडतो. वही न्या म्हणजे सगळ्या तारखा, रुजवणीचे आकडे, ओळींचा नकाशा. नुसतं "काणी येत नाही" सांगितलं तर तेही तुम्हाला पहिल्या पायरीपासूनच सुरू करायला लावतील, आणि बरोबरच करतील.

प्रतिकारक म्हणून आणलेल्या खात्रीच्या वाणात, बेणं स्वच्छ असताना, १० टक्क्यांपेक्षा जास्त बेटं रोगट निघाली तर त्याच आठवड्यात फोन करा. बुरशीचा नवा प्रकार आलेला असू शकतो आणि ते ओळखायचं काम आपल्या काचपट्टीचं नाही. नमुना पाठवायच्या आधी विचारा, कसा पाठवायचा ते ते सांगतील. बसच्या टपावर चाबकांची मोळी टाकून पाठवू नका.

आणि लाल कूज. हे मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणीतरी विचारतंच: काणीसारखीच लाल कूजेची चाचणी आपल्याकडे घेता येईल का? नाही. तिच्यात उभ्या उसाच्या खालून तिसऱ्या कांडीला भोक पाडून बुरशीचं पाणी सोडतात, भोक बुजवतात, दोन महिन्यांनी ऊस उभा चिरून आतली लाली आणि पांढरे पट्टे बघून ० ते ९ गुण देतात. पद्धत सोपी वाटते. पण त्यासाठी कोलेटोट्रायकम फाल्केटम बुरशी वाढवून शेतात आणावी लागते. को.सी. ६७१ हा साखर उताऱ्याला अव्वल वाण या रोगाने दुसऱ्या राज्यांत कसा बसवला हे ऊस विकासातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या शेतात नाही तो रोग चाचणीसाठी घेऊन यायचा नाही. हे काम संस्थेच्या कुंपणाच्या आतच राहू द्या.

तुमच्या एका प्लॉटच्या आकड्यावर शेतकऱ्याला वाण वाटू नका, हेही त्यातच आलं. अधिकृत शिफारस अनेक ठिकाणच्या, अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर येते.

प्लॉट मोडताना

यात लोक ढिलाई करतात. नवीन वाण आहे म्हटल्यावर चाचणीच्या प्लॉटमधून रात्रीत मोळी गायब होते. आमच्याकडे दोनदा झाली. तो माणूस बीजाणूत बुडवलेलं बेणं स्वतःच्या रानात घेऊन गेला. म्हणून प्लॉट कारखान्याच्या आवारात, बेणेमळ्यापासून लांब, तारेच्या आत. खोडव्याची शेवटची मोजणी झाली की चाबूक पिशवीत कापून जाळायचे, बेटं मुळासकट काढायची, वाढे जनावरांसाठी कुणाला द्यायचे नाहीत. नांगरट करून दोन हंगाम तिथं ऊस नाही. आम्ही सोयाबीन आणि त्यावर हरभरा घेतो, आणि हरभऱ्यात चुकून फुटलेला उसाचा कोंब दिसला की तो काढायला मी स्वतः जातो.